आमची सैनिक-नागरिक सलोखा समिती

किस्से जमवायला फार कष्ट पडत नाहीत. चार माणसांची एक समिती करा, तिला एक खोली द्या, एक शिक्का द्या आणि महिन्यातून एकदा बैठक घ्या. बाकीचं काम समितीच करते. एकीकडे इतिवृत्ताची वही भरत जाते आणि दुसरीकडे आपलं डोकं. वहीला पुढे वाळवी लागते. डोक्यातलं मात्र जात नाही. मी अशा एका समितीचा सहा वर्षं चिटणीस होतो. वहीचं काय झालं मला ठाऊक नाही, डोक्यात राहिलेलं थोडं सांगतो.

बासष्ट साली चीनशी लढाई जुंपली आणि आपल्या देशाला लष्कर आहे, याची महाडच्या बाजारपेठेला एकदम आठवण झाली. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांना ती आधीपासून होती, कारण तिथल्या घराघरांतला एक भाऊ मुंबईला गिरणीत असे आणि दुसरा पलटणीत. पण वाड्यांना विचारतो कोण? बाजारपेठेत सभा झाली आणि 'सैनिक-नागरिक सलोखा समिती' जन्माला आली. सैनिक आणि नागरिक यांचं भांडण कधी झालं होतं, हे कुणी विचारलं नाही.

अध्यक्ष झाले बापूसाहेब. बिरवाडीकडचे मोठे जमीनदार, दोनदा निवडून आलेले पुढारी. आयुष्यात त्यांनी हातात घेतलेलं सर्वांत जड शस्त्र म्हणजे हाराचं तबक. सैनिकांच्या बाजूने दोन सभासद. एक सुभेदार विठोजी सकपाळ, पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतले, आफ्रिका आणि इटलीत लढून आलेले. दुसरे हवालदार गंगाराम जाधव, महाडजवळच्या बौद्धवाडीतले, ब्रह्मदेशच्या जंगलात तीन वर्षं काढलेले. आणि चौथा मी. मी शाळामास्तर. माझी लष्करी पात्रता एवढीच की अक्षर चांगलं होतं.

*

पहिल्या बैठकीत बापूसाहेब तासभर बोलले. कुठल्याशा वर्तमानपत्रातला अग्रलेख त्यांनी आदल्या दिवशी वाचलेला होता. आपली लोकशाही कोवळी आहे. शेजारच्या देशात लष्कराने सत्ता बळकावली. तसं आपल्याकडे होता कामा नये. बंदूक नेहमी लोकनियुक्त माणसाच्या शब्दात राहिली पाहिजे. हे सगळं ते सुभेदारांकडे बघून सांगत होते. जणू सुभेदार खाली रस्त्यावर रणगाडा उभा करून वर आले होते. सुभेदार आले होते एस्टीने. बरोबर छत्री होती आणि पिशवीत घरच्यासाठी घेतलेले सुके बोंबील.

मग ठराव झाला. "चीनच्या आक्रमणाचा ही समिती तीव्र निषेध करते आणि चीनने आपल्या फौजा ताबडतोब मागे घ्याव्यात, असा आदेश देते."

मी म्हटलं, "बापूसाहेब, आदेशाऐवजी इशारा म्हणू या का?"

"आदेशच लिहा, मास्तर. नरम पडायची ही वेळ नाही."

सुभेदारांनी हात वर केला. "ठराव चांगला हाय सायब. पन चीनला ह्यो वाचून कोन दाखवनार?"

बापूसाहेब म्हणाले, "एक प्रत दिल्लीला जाईल, एक अलिबागला, कलेक्टरकडे."

मी दोन्ही प्रती टपालात टाकल्या. आणि नवल असं, की थोड्याच दिवसांत चीनने खरोखर लढाई थांबवली आणि फौजा मागे न्यायला सुरुवात केली. पुढच्या बैठकीला बापूसाहेब खुर्चीत नेहमीपेक्षा जरा मागे रेलून बसले होते.

"काय मास्तर, ठराव पोचला म्हणायचा."

सुभेदार गंभीरपणे म्हणाले, "व्हय. दिल्लीची प्रत वाटंत आसंल अजून. ही अलिबागची लागू पडली."

*

मग नागरिकांना लष्करी शिक्षण द्यायचं ठरलं. साठेक माणसं जमली. शिंपी, दुकानदार, दोन वकील, एक वैद्य. बंदुका नव्हत्या, म्हणून बांबू दिले. सुभेदारांनी गांधारी नदीच्या काठच्या मोकळ्या जागेत महिनाभर रोज सकाळी त्यांना घासूनपुसून तयार केलं. एक गोष्ट त्यांनी पुन्हापुन्हा बजावली होती. हुकूम येईल तोच शब्द पाळायचा, मनाने काही करायचं नाही.

शेवटच्या दिवशी गावासमोर कवायत दाखवायची होती. बापूसाहेब म्हणाले, "हुकूम मी देणार. लोकनियुक्त प्रतिनिधीने दिला पाहिजे, यात तत्त्व आहे."

सुभेदारांनी हातातली छडी दोन्ही हातांनी त्यांना दिली आणि चार पावलं मागे सरले. हुकमांचे शब्द मी एका चिठ्ठीवर बापूसाहेबांना लिहून दिले होते. ते त्यांनी मोठ्या आवाजात वाचले. सावधान. दाहिने मुड. तेज चल. साठ माणसं पावलाला पाऊल जुळवून निघाली. इतकी सुरेख चालली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. बापूसाहेबांनी टाळ्यांना नमस्कार केला. तेवढ्यात पहिली रांग नदीपाशी पोचली.

"पुरे," बापूसाहेब म्हणाले.

'पुरे' असा हुकूम शिकवलेला नव्हता. पहिली रांग घोट्याभर पाण्यात गेली.

"बस. अहो, बस झालं. थांबा की आता."

वैद्य, शिंपी आणि दोन्ही वकील गुडघाभर पाण्यात गेले. बांबू खांद्यावर, नजर समोर. बापूसाहेब सुभेदारांकडे वळले. "अहो, बघताय काय? थांबवा त्यांना."

"मी कसा थांबवू सायब? बंदूक तुमच्या शब्दात ऱ्हायाला पायजे, आसं तुमीच शिकवलंत. मी मधी पडलो तर लोकशाही बुडंल."

वैद्यबुवांच्या कमरेला पाणी लागलं. ते ठेंगणे होते. आता बुडणार ते तेच, लोकशाही नव्हे, हे सगळ्यांना दिसत होतं. तेव्हा हवालदार गंगाराम हळूच पुढे झाले आणि बापूसाहेबांच्या कानाशी म्हणाले, "सायब, चिठ्ठी उलटा."

'थम' हा शब्द मी मागच्या बाजूला लिहिला होता.

*

त्रेसष्ट सालच्या सुरुवातीला महाडला लष्कराची भरती झाली. पुण्याहून एक तरुण कॅप्टन आले. अंगाने शिडशिडीत, बोलायला अगदी मऊ. बापूसाहेबांनी त्यांच्यापुढे शिफारसपत्रांचा गठ्ठा ठेवला. कॅप्टनांनी एकेक पत्र शांतपणे वाचलं. बापूसाहेब वर्षानुवर्षं लोकांना नोकरीसाठी पत्रं देत आलेले होते. त्यांचा मजकूर ठरलेला असे. हीही पत्रं तशीच होती, कारण ती मीच लिहिलेली होती.

कॅप्टनांनी एक मोठ्याने वाचलं. "सदर तरुण स्वभावाने अत्यंत गरीब असून त्याने आजवर कोणावर हात उचललेला नाही. कोणी बोलल्यास तो उलट उत्तर न देता निघून जातो."

"अगदी खरं आहे. मी हमी देतो," बापूसाहेब म्हणाले.

"मग साहेब, हा शत्रूने घेतलेला बरा."

 बापूसाहेबांनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. त्यांचा पुतण्याही आला होता. मुलगा उमदा होता आणि मनापासून भरती व्हायला आला होता. बापूसाहेब म्हणाले, "त्याला घ्या, आमची ना नाही. फक्त त्याची नेमणूक जरा जवळपास झाली तर बरं. त्याच्या आईचा जीव नाजूक आहे."

"मी वर सांगून पाहीन," कॅप्टन म्हणाले. "पण अडचण अशी आहे की सरहद्द महाडपासून लांब पडते."

*

आमची बैठक एका गोदामाच्या माडीवर भरे. तिथून चवदार तळं हाकेच्या अंतरावर. त्या तळ्याच्या पाण्यावरून काय घडलं होतं ते माडीवर बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. दर मार्चला हजारो माणसं तिथे जमत, ती आमच्या खिडकीतून दिसत. तरीही खालचा हॉटेलवाला चहा आणायचा तो तीन कपबश्यांत आणि एका पेल्यात. पेला हवालदार गंगारामांपुढे ठेवायचा.

पहिल्यांदा मला वाटलं, कप कमी पडला असेल. दुसऱ्यांदा तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं. बापूसाहेबांनी पाहिलं नाही, कारण ते अशा गोष्टी कधीच पाहत नसत. मी इतिवृत्तात लिहिलं, "चहापान होऊन सभा खेळीमेळीने संपली." त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

 तिसऱ्या बैठकीला हवालदारांनी पिशवीतून एक मग काढून टेबलावर ठेवला. पलटणीतला, पांढऱ्या इनॅमलचा, कडेला टवके उडालेला, बुडाला त्यांचा नंबर ठोकलेला. "माजं ह्याच्यात वता," ते हॉटेलवाल्याला म्हणाले. "ब्रह्मदेशात ह्याच्यातच प्यायचो. सायबबी प्यायचे, त्यांचा मग जवळ नसला तर माजाच घेऊन प्यायचे."

सुभेदारांनी त्या मगाकडे पाहिलं. मान खाली घातली. चौथ्या बैठकीला त्यांनी आपलाही मग आणला. तस्साच, त्यावर त्यांचा नंबर. कपबशी त्यांनी बोटाने दूर सारली.

पाचव्या बैठकीला ते भरतीवाले कॅप्टन आले होते. त्यांनी दोन मग पाहिले आणि विचारलं, "हे काय, सुभेदारसाहेब?"

"पलटनीचा रिवाज हाय साब. सैपाकाचा लंगर एक, मग एक."

"मग मला कप का?" असं म्हणून कॅप्टनांनी जीपमधून आपला मग मागवला. मी कधी लष्करात नव्हतो, पण त्या दिवशी मला कपाला तोंड लावणं जमेना. मी चहा नको म्हणालो.

टेबलावर उरली एकच कपबशी, बापूसाहेबांची. सगळ्यांपेक्षा वेगळी. ते जरा वेळ बशीत चहा ओतून फुंकत राहिले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सभा संपल्यावर जिन्यात मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, मुंबईला कुणी जाणारं असेल तर असला एक मग मिळतो का पाहायला सांगा. मी एकटाच वेगळा दिसतो हो."

पुढच्या महिन्यापासून हॉटेलवाल्याने कपबश्या आणणं बंद केलं.

*

जवानांच्या घरच्यांना पत्रं वाचून दाखवणं हेही समितीचं काम होतं, म्हणजे माझं. सुभेदारांच्या भावजयीचा, पारूबाईंचा मुलगा सीताराम तेव्हा बर्फात कुठेतरी होता. त्याचं पत्र आलं की त्या वाडीतून चालत पोलादपूरला यायच्या आणि एस्टीने महाडला. एकदा आल्या त्या दिवशी बापूसाहेबही माडीवर होते.

मी पत्र वाचायला घेतलं. "आयेस साष्टांग दंडवत. मी खुशाल आहे." त्यापुढच्या चार ओळींवर कुणीतरी काळी शाई फासलेली होती. मी त्या सोडून पुढे गेलो. पारूबाईंनी कागदावर बोट ठेवलं.

"हितलं वाचलं नाय."

"ते काळं केलंय, पारूबाई."

"माज्या पोराचं बोलनं कोनी काळं केलं?"

बापूसाहेबांना हा विषय आवडीचा होता. ते म्हणाले, "सरकारने, बाई. सैनिक कुठं आहेत, किती आहेत, हे शत्रूला कळू नये म्हणून सरकार पत्रं तपासतं. राष्ट्राची गुपितं असतात."

"तेला गुपितं म्हाईत नाय. तो लिवतो जेवनाचं. थंडीचं लिवतो. पाय फुटल्यात म्हनून लिवलं आसंल."

"असेल. पण आपल्याला ते कळणार नाही."

"सरकारनं वाचलं ना?"

"वाचूनच काळं केलं ना."

पारूबाईंनी पत्राची घडी घातली आणि पदराला बांधली. "मंग सरकारला इचारून सांग, सायब. तू तेचाच मानूस. काय लिवलंय ते सांगू नको म्हनावं. पाय बरे हायेत का, तेवडं सांग."

बापूसाहेबांनी आयुष्यात शेकडो प्रश्नांना 'वर कळवतो' असं उत्तर दिलेलं होतं. त्या दिवशी त्यांच्या तोंडून तेही निघालं नाही. सुदैवाने पुढच्या पत्रात सीतारामने स्वतःच लिहिलं की पाय बरे आहेत. ते वाक्य काळं झालेलं नव्हतं. पारूबाईंचा मात्र समज झाला, की सायबानं वर सांगितलं. पुढच्या वेळी त्यांनी बापूसाहेबांसाठी वाडीतून पायलीभर वरी आणली.

*

सुभेदारांना वरून जमीन मंजूर झाली. देशसेवेबद्दल. कागद समितीमार्फत आला, म्हणून बापूसाहेबांनी तो समारंभ करून हार घालून दिला. सुभेदार जमीन बघायला गेले. दोन दिवसांनी त्यांनी माझ्याकडे लेखी अहवाल दिला. तो त्यांनी लष्करी शिस्तीत मांडलेला होता, मी फक्त शुद्धलेखन सुधारलं.

"दिलेली जागा पाहिली. जागा उभी आहे. माथ्यावर वानरांचे ठाणे असून त्यांची संख्या अंदाजे चाळीस. पायथ्याकडून चढाई अशक्य. जागा काबीज करण्यास एक पलटण आणि पहाडी तोफा लागतील. काबीज झाल्यावर भात लावण्यास माणसे दोरीला बांधावी लागतील. पुढील हुकूम व्हावा."

बापूसाहेबांनी तो न वाचता त्यावर शेरा मारला, "योग्य ती कार्यवाही व्हावी."

*

मग निवडणूक आली. विरोधकांनी सुभेदारांना गळ घातली, तुम्ही उभे राहा. खोऱ्यातले सगळे पेन्शनर तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. सुभेदार म्हणाले, "मला भाषन येत नाय. आनि येत नाय ते बरं हाय."

तरी बापूसाहेबांची झोप उडाली. मतदानाच्या दिवशी ते जीपने थेट पायथ्याला आणि तिथून चालत सुभेदारांच्या वाडीत पोचले. मी बरोबर होतो. शाळेपुढे मतदारांची रांग होती आणि रांगेत पुढे जुने सैनिक, कोट घालून, छातीवर पदकं लावून. बापूसाहेब दिसताच सुभेदारांनी टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. मागोमाग सगळ्या पेन्शनरांचे हात एकदम वर गेले. बापूसाहेबांना भरून आलं. उतरताना वाटभर ते मला सांगत होते, "पाहिलंत ना? यांचं मन मोठं. या वाडीची काळजी नाही आता."

मोजणी झाली. बापूसाहेब निवडून आले, पण बाकीच्या गावांच्या जोरावर. त्या वाडीच्या पेटीत त्यांना अकरा मतं होती.

पुढच्या बैठकीत त्यांना राहवलं नाही. "सुभेदार, मनाला लागलं हो. तुम्ही सगळ्यांनी मला सलाम केलात, आणि..."

"केला की. तुमी निवडून आलेले सायब. उद्याबी करू."

"मग मतं कुठं गेली?"

सुभेदारांनी मगातला चहा संपवला. "सलाम खुर्चीला आसतो सायब. मत मानसाला."

*

आता शेवटचा किस्सा. सुभेदारांच्या वाडीच्या खाली एक ओढा आहे आणि ओढ्यावर एक साकव. लाकडी, चांगला भक्कम, बैलसुद्धा जातो. अनेक वर्षं तो नुसता बापूसाहेबांच्या भाषणांत होता. मग एका उन्हाळ्यात तो घाईघाईने झाला. कसा झाला, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्याच्या जवळजवळ दोन वर्षं आधी, श्रावणात, पारूबाईंची सून, सीतारामची बायको, बाळंतपणाला अडली. तिला डोलीत घालून पोलादपूरच्या डॉक्टरकडे न्यायला निघाले. ओढ्याला पाणी आलेलं. डोली काठावर सकाळपासून दुपारपर्यंत अडकून पडली. पाणी उतरल्यावर पलीकडे नेली. सून वाचली, मूल गेलं. सीतारामला हे महिन्याने पत्रातून कळलं. ते पत्र पारूबाईंनी माझ्याकडून लिहून घेतलं होतं. मला ते लिहिताना दोनदा थांबावं लागलं.

पुढच्या पावसात बापूसाहेब वाडीत आले, समितीची सन्मानपत्रं वाटायला. सकाळी ओढ्याला घोटाभरच पाणी होतं, आम्ही वहाणा हातात घेऊन सहज आलो. शाळेत सभा भरली. बापूसाहेबांनी पहिलंच नाव पुकारलं, "जवान सीताराम सकपाळ यांच्या मातोश्री."

पारूबाई उठल्या. सन्मानपत्र घेतलं नाही. म्हणाल्या, "सायब, साकव कवा?"

"प्रस्ताव वर गेलेला आहे, बाई."

"आमीबी वर जायाची वाट बगायची का?"

 मागे बसलेली माणसं उठून दारात उभी राहिली. एकाने कडी लावली. बाहेर पाऊस सुरू झाला होता. एक रिटायर नाईक पुढे येऊन म्हणाला, "साकव होईस्तवर सायब हितंच ऱ्हातील. जेवायला घालू. पन सोडनार नाय."

बापूसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी सुभेदारांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मूल सुभेदारांच्याच घरातलं गेलं होतं.

नाईक म्हणाला, "सुभेदार, तुमी नुसतं बोला. शेजारच्या मुलखात फौजेनं गादी घेतली. आमी वीस जन हाव हितं. ह्यांचं काय काम हाय मंग?"

सुभेदार सावकाश उठले. "शेजारच्या मुलखात फौजेनं गादी घेतली. बरं. मंग थितं साकव झाले काय?"

नाईक मागे वळून बाकीच्यांकडे बघू लागला.

"नाय ना म्हाईत? मलाबी नाय. थितल्या बाया कुनाला इचारत आसतील, तेबी म्हाईत नाय. हितं निदान पारूवैनी उभी ऱ्हाऊन इचारते. कडी काढ."

कडी काढायला कुणी हलेना. सुभेदारांनी पारूबाईंकडे पाहिलं. त्या बापूसाहेबांकडे बघतच म्हणाल्या, "काढ रे. भावजी सांगतात तर काढ." आणि तोंड फिरवून बसल्या.

आम्ही ओढ्यावर आलो तेव्हा पाणी चढलेलं होतं. फार नाही, मांडीभर, पण जोराचं. दगड दिसत नव्हते. पेन्शनरांनी या काठच्या झाडापासून त्या काठच्या झाडापर्यंत दोर बांधला. मला दोघांनी मधे घेऊन पलीकडे सोडलं. बापूसाहेब अंगाने भारी आणि पाण्याला भिणारे. ते पुढे पाय टाकीनात.

सुभेदारांनी पदकांचा कोट काढून नाईकाकडे दिला आणि त्यांच्यापुढे पाठ करून वाकले. "बसा सायब."

"अहो, तुमचं वय..."

"इटलीत जखमी गोरे नेलेत. तुमी काय जड नाय. बसा."

बापूसाहेब सुभेदारांच्या पाठीवर बसले. दोन्ही हातांनी गळा धरला. सुभेदार दोराला धरून एकेक पाऊल टाकत ओढ्यात उतरले. आम्ही तिघे आधीच पोचलेले पलीकडच्या काठावर, वाडी मागच्या काठावर. पारूबाईही येऊन उभ्या राहिल्या होत्या.

बरोबर मध्यावर सुभेदार थांबले.

मला वाटलं, पाय अडकला. बापूसाहेबांनाही तेच वाटलं असावं. "काय झालं? सुभेदार, काय झालं?"

"काय नाय सायब. साकव कवा?"

"अहो, इथं? आधी पलीकडं तर चला. काठावर गेल्यावर सविस्तर बोलू."

"काठावर लय येळा बोललो सायब."

"सुभेदार, पाणी वाढतंय."

"व्हय, वाढतंय."

बापूसाहेबांनी या काठाकडे पाहिलं, त्या काठाकडे पाहिलं. पाणी त्यांच्या पायांच्या बोटांना लागत होतं. सुभेदारांनी पाय घट्ट रोवले, दोरावरचा हात सारखा केला आणि अगदी अदबीने म्हणाले,

"घाई नाय सायब. नीट इचार करून सांगा. मला उभं ऱ्हायाची सवय हाय."